भूसमीप लघुग्रह
भूसमीप लघुग्रह : सूर्यापासूनचे किमान अंतर १.३ ज्योतिषशास्त्रीय एककांहून (१ एकक = पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतर, सु. १४.९६ कोटी किमी.) कमी असलेल्या लघुग्रहांना भूसमीप लघुग्रह म्हणतात. बहुतेक लघुग्रह मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यानच्या पट्ट्यात आढळतात. तथापि मुख्यतः गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने कक्षा विचलित होऊन त्यांपैकी काही सूर्याच्या बाजूस येतात. या गटातील पहिला लघुग्रह ईरॉस हा गुस्टाफ व्हिट यांनी १८९८ मध्ये बर्लिन येथे शोधून काढला. ज्यांची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ०.०५ एककाच्या आत येते व ज्यांचा व्यास सु. १४० मी. वा अधिक आहे, ते लघुग्रह संभाव्य धोकादायक मानले जातात.

धोक्याचे स्वरूप : सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी सु. १० किमी. व्यासाचा लघुग्रह आदळून मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पात चिक्शुलूब विवर निर्माण झाले. डायनोसॉर व अन्य अनेक जीवजाती त्यामुळे नष्ट झाल्या, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. असे आघात अत्यंत विरळ असतात. लहान पिंडांचे आघात त्या मानाने वारंवार होतात. ३० जून १९०८ रोजी सायबीरियातील तुंगुस्का भागात हवेतच झालेल्या स्फोटाने सु. २,००० चौ. किमी. क्षेत्रातील अरण्य भुईसपाट झाले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरानजीक सु. २० मी. व्यासाचा पिंड आकाशात फुटला व सु. १,५०० लोक जखमी झाले. सूर्याच्या दिशेने आल्यामुळे तो आधी दिसला नव्हता. महाराष्ट्रातील लोणार (जि. बुलढाणा) येथील सु. १.८ किमी. व्यासाचे विवरही आघातजन्य आहे.

शोध व कक्षानिश्चिती : १ किमी.हून मोठ्या भूसमीप लघुग्रहांपैकी बहुतेकांचा शोध लागलेला आहे, १४० मी.हून मोठ्यांपैकी निम्म्याहून अधिक मात्र अज्ञात असल्याचा अंदाज आहे. प्रारंभी वेध थोडे असल्याने कक्षा अनिश्चित असते व आघाताची संभाव्यता वेधांनुसार बदलत जाते. डिसेंबर २००४ मध्ये अपोफिस हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी आदळण्याची संभाव्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. पुढील वेधांनी ती निरस्त झाली. २०२१ मधील रडार-निरीक्षणांनंतर किमान शंभर वर्षे त्याचा धोका नाही, हे निश्चित झाले. २०२९ मध्ये तो पृष्ठभागापासून सु. ३२,००० किमी. अंतरावरून जाईल.

संरक्षणाचे उपाय : लघुग्रहाच्या वेगात सेकंदाला १ सेंमी. एवढा बदल केल्यास १० वर्षांत तो सु. ३,१५० किमी. सरकतो. वेगाबरोबर परिभ्रमणकालही बदलत असल्याने प्रत्यक्ष विचलन साधारणतः याच्या तिप्पट, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येहून (सु. ६,३७० किमी.) अधिक होते. एकच महिना हाती असल्यास मात्र तेवढ्याच विचलनासाठी वेगात सेकंदाला सु. अडीच मी. बदल करावा लागेल. यास्तव पूर्वसूचनेचा काळ हाच संरक्षणातील निर्णायक घटक होय.

लघुग्रहावर वेगाने यान आदळवणे, हा प्रत्यक्ष पारखलेला उपाय आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेचे सु. ५८० किग्रॅ. वस्तुमानाचे डार्ट यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी सेकंदाला सु. ६.१ किमी. वेगाने डायमॉर्फस या सु. १६० मी. व्यासाच्या पिंडावर आदळले. हा पिंड डिडिमॉस या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. आघातानंतर हा काल सु. ३३ मिनिटांनी घटला. विवरातून उलट दिशेने उडालेल्या द्रव्यामुळे यानाच्या संवेगाहून कितीतरी अधिक परिणाम घडून आला. हे प्रमाण लघुग्रहाच्या घडणीवर अवलंबून असते. ते तपासण्यासाठी यूरोपीय अवकाश संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेरा हे यान सोडले.

एडवर्ड लू व स्टॅन्ली लव्ह यांनी २००५ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत जड यान लघुग्रहाजवळ वर्षानुवर्षे तरंगत ठेवून केवळ त्याच्या गुरुत्वाकर्षणाने लघुग्रह हळूहळू ओढला जातो. पिंड मोठा व अवधी अल्प असल्यास त्याच्यानजीक अणुस्फोट करून पृष्ठभागाचे बाष्पीभवन घडविण्याचा उपाय उरतो. परंतु १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार अण्वस्त्रे कक्षेत ठेवण्यास मनाई आहे. लहान पिंड अखेरच्या काही दिवसांत दिसल्यास आघातक्षेत्रातील लोकांचे स्थलांतर करणे एवढेच शक्य असते.