तांब्याची घागर, चांदीचे कण आणि आपल्या बोअरचे पाणी



कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिले की ते कळकते, हे घराघरात ठाऊक आहे. चव बिघडते, रंग हिरवट होतो आणि कोणी प्यालेच तर पोटात ढवळते. तांब्याच्या घागरीतले साधे पाणी मात्र रात्रभर राहिले तरी कोणाला बाधत नाही. दोन्हीकडे तांबेच आहे, मग फरक कशाने पडला? आंबट ताक तांबे भराभर विरघळवते, साधे पाणी अगदी कणभर विरघळवते. धातू किती जहाल होणार हे एकट्या धातूवर नसते, तो कोणत्या पाण्यात आहे यावरही असते. आजच्या लेखाचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

हे कणभर तांबे जंतूंना मात्र पुरते. बेंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले. त्यानंतर त्यात कॉलरा व हगवणीचे जंतू वाढेनात, आणि पाण्यातले तांबेही पिण्यायोग्य मर्यादेच्या आतच राहिले.

चांदीचे बारीक कण

चांदी जंतूंना तांब्याहून जहाल. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून पाणी शुद्ध करण्याची रीत काढली गेली. डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ या नावाने तिचे यंत्र बाजारात आले. त्याला ना वीज लागे ना नळ.

या कणांना नॅनो कण म्हणतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. हे कण १ ते १०० नॅनोमीटरचे, म्हणजे जंतूच्याही कितीतरी पट लहान. खडीसाखरेच्या खड्यापेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते ना, तसेच येथेही. कण जेवढा बारीक तेवढी त्याची उघडी बाजू जास्त, आणि तेवढी चांदी पाण्यात लवकर उतरते. ही उतरलेली चांदी जंतूच्या अंगातील प्रथिनांना चिकटते आणि त्याचे काम बंद पाडते.

पाणी काय करते?

१) जड पाणी : आपला जिल्हा काळ्या कातळाचा. बऱ्याच बोअरचे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि तळाशी बसतात. मग ते ना नीट विरघळतात, ना जंतूंना भिडतात.

२) खारे पाणी : मिठातील क्लोराइड चांदीला गाठते आणि न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. चांदी पाण्यात असते, पण बहुतांशी बांधलेली.

३) गढूळ पाणी : कुजलेल्या पाल्याचा अंश कणांवर आवरण घालतो आणि सुटी झालेली चांदी व तांबे धरून ठेवतो.

४) आंबट पाणी : येथे उलटे होते. धातू जास्त विरघळतो आणि जहालपणा वाढतो.

म्हणून स्वच्छ पाण्यात उत्तम चाललेले औषध आपल्या बोअरच्या पाण्यात तसेच चालेल असे गृहीत धरू नये. दोष यंत्राचा नसेल, पण आजारी मात्र घरातले लेकरू पडते.

आमच्या उसाला याचे काय?

द्राक्षबागायतदारांना हे शास्त्र हाताने ठाऊक आहे. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी यांचे बोर्डो मिश्रण करताना ते विळ्याचे घासलेले पाते त्यात बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर आला की मोकळे तांबे शिल्लक आहे. चुना वाढवला नाही तर पाने करपणार.

उसात गोष्ट उलटी आहे, कारण येथे आपल्याला जंतू जगवायचे असतात. बेणेप्रक्रियेसाठी १०० लिटर पाण्यात १० किलो अॅसिटोबॅक्टर व सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू घालून टिपरी अर्धा तास बुडवतो. हे जिवाणू म्हणजे आपले विकत घेतलेले गडी. तांब्याच्या औषधाला शत्रू-मित्र कळत नाही. तेव्हा जिवाणूंचे द्रावण धुतलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपातच करावे. औषधाची बेणेप्रक्रिया आधी आणि जिवाणूंची नंतर, दोन्ही एकत्र कधीही नाही.

२०२४ साली केंद्र सरकारने नॅनो झिंक व नॅनो कॉपर या द्रवरूप खतांना मान्यता दिली. ती वापरणाऱ्यांनी पंपात जिवाणू खत मिसळू नये. आधी काचेच्या बाटलीत आपल्याच पाण्यात थोडे द्रावण करून अर्धा तास ठेवावे. साका बसला किंवा फुटले, तर ते पाणी त्या कामाचे नाही.

जमिनीबाबत एक दिलासा आहे. सेंद्रिय कर्ब तांब्याला बांधून ठेवतो आणि जिवाणूंना आडोसा देतो. पाचट जाळू नका, हे सांगण्यामागे हेही एक कारण आहे.

घरासाठी एवढे करा

पिण्याचे पाणी तपासून घ्या. गावच्या जलसुरक्षकाकडे चौकशी करा. कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. पाणी शुद्ध करणारे यंत्र घेतले असेल तर त्यातून आलेल्या पाण्याचीही जंतूंसाठी तपासणी करा. शंका असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर उकळून प्या. तांब्याच्या घागरीत पाणी जरूर ठेवा, मात्र ताक, लिंबू, चिंच तिच्याजवळ नको.

माती तपासल्याशिवाय आपण आता खत टाकत नाही. पाणी तपासल्याशिवाय औषधावर भरवसाही ठेवू नये.