वाढत्या शेअरचे भाडे
निवृत्त मंडळी हटकून विचारतात, "साहेब, वाढता शेअर विकायचा नाही, पण चार पैसे सुटायला हवेत. काय करावं?" उपाय आहे, कव्हर्ड कॉल. आपल्या बाजारातला जुना 'तेजी'चा सौदा तो हाच! १९५६च्या कायद्याने बंद झालेला. शेअरांवर २००१ साली रीतसर परतला.

समजा, शेअर १,००० रुपयांना आहे. महिनाअखेरीस तो १,०५०ला घेण्याचा हक्क आपण २० रुपयांना विकला. भाव हलला नाही, तर वीस रुपये खिशात. १,३०० झाला, तर हाती १,०७०च. वरचे २३० दुसऱ्याचे. आणि ७००वर आला तर? घसरण सगळी आपली, वीस रुपयांचा काय तो टेकू! शिवाय अख्खा लॉट गाठीशी हवा.

नातवाच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या शेअरवर मी हा हक्क विकत नाही. इतरांवर विकतो, तोही ज्या भावाला शेअर हसत देऊन टाकीन त्याच भावाचा.