यंत्रे आणि अवजारे : लेखांक 9. चेनसॉची ताकद, साखळी आणि बारची जुळणी

चेनसॉच्या दोन मॉडेलांची तुलना करताना माहितीपत्रकातील चार आकडे सहसा शेजारी शेजारी ठेवले जातात: इंजिनाची घनक्षमता म्हणजे सीसी, किलोवॅटमधील शक्ती, किलोग्रॅममधील वजन आणि इंचांतील बारची लांबी. यांपैकी शेवटचा आकडा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत सर्वांत आधी भरतो, पण यंत्राविषयी सर्वांत कमी सांगतो तोही तोच, कारण बार हा काढघालीचा भाग असून एकाच यंत्रावर वेगवेगळ्या लांबीचे बार चढवता येतात. लाकडाशी गाठ पडते ती साखळीची. त्यामुळे इंजिनाने निर्माण केलेल्या शक्तीपैकी साखळीपर्यंत किती आणि कोणत्या वेगाने पोहोचते, आणि ती साखळी कोणत्या बारवर व कोणत्या चक्रावर चालू शकते, या दोन प्रश्नांभोवतीच मॉडेलांची तुलना उभी राहते. मागील लेखांकात टू-स्ट्रोक इंजिनाची रचना पाहिली असल्याने येथे तिची पुनरुक्ती केलेली नाही.

प्रथम घनक्षमता. सिलिंडरचा आतील व्यास, म्हणजे बोअर, आणि पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची चाल, म्हणजे स्ट्रोक, ही दोन मापे माहीत असली की घनक्षमता साध्या गणिताने काढता येते. जर्मनीच्या स्टिल कंपनीच्या एमएस 440 या मॉडेलाचा बोअर 50 मिलिमीटर आणि स्ट्रोक 36 मिलिमीटर असल्याने तिची घनक्षमता 70.7 सीसी होते. एमएस 460 मध्ये स्ट्रोक तोच राहून बोअर 52 मिलिमीटर झाल्यामुळे ती 76.5 सीसीवर जाते. स्वीडनच्या हस्कवार्ना कंपनीच्या जुन्या 365 आणि 372 या जोडीतही हेच दिसते: 36 मिलिमीटरचा समान स्ट्रोक, पण बोअर अनुक्रमे 48 आणि 50 मिलिमीटर, म्हणून घनक्षमता 65.1 आणि 70.7 सीसी. याच गणिताने स्वस्त यंत्रांवरील भडक स्टिकरची शहानिशाही होऊ शकते. सुट्या पिस्टनचा व्यास आणि स्ट्रोक मोजून आलेले उत्तर स्टिकरवरील आकड्यापेक्षा बरेच कमी भरले, तर तो आकडा विक्रीसाठी फुगवलेला आहे हे उघड होते.

मात्र घनक्षमता म्हणजे शक्ती नव्हे. हस्कवार्नाने नंतर आणलेल्या एक्स-टॉर्क मालिकेत 365 आणि 372 या दोन्ही मॉडेलांची घनक्षमता 70.7 सीसी अशी एकच आहे, तरीही पहिल्याची शक्ती 3.6 किलोवॅट आणि दुसऱ्याची 4.1 किलोवॅट सांगितली जाते. इंधन-हवेचे मिश्रण क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये नेणारे मार्ग किती मोकळे आहेत यासारख्या बाबींवर हा फरक अवलंबून असतो, आणि सीसीच्या आकड्यात त्याचा मागमूस दिसत नाही. शक्तीच्या जोडीला वजनही पाहावे लागते, कारण चेनसॉ हे हातात पेलून चालवायचे यंत्र आहे. बार, साखळी आणि इंधन वगळून एमएस 440 चे वजन 6.3 किलोग्रॅम आणि शक्ती 4.0 किलोवॅट, तर तिच्यानंतरच्या पिढीतील एमएस 462 चे वजन 6.0 किलोग्रॅम आणि शक्ती 4.4 किलोवॅट आहे. म्हणजे दर किलोवॅटमागे पेलावे लागणारे वजन सुमारे 1.58 किलोग्रॅमवरून 1.36 किलोग्रॅमपर्यंत उतरले. दिवसभर फांद्या साळणाऱ्या कामगारासाठी हे गुणोत्तर निव्वळ शक्तीपेक्षा महत्त्वाचे ठरते.

इंजिनाची शक्ती साखळीला देणारा भाग म्हणजे क्लचला जोडलेले दातेरी चक्र, अर्थात स्प्रॉकेट. साखळीच्या मापांत पिच हे पहिले माप असून लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराच्या निम्म्याला पिच म्हणतात. 3/8 इंच, म्हणजे कारागिरांच्या हिशेबात तीन सूत, पिचच्या साखळीवर सात दात्यांचे स्प्रॉकेट एका फेऱ्यात साखळी सुमारे 133 मिलिमीटर पुढे सरकवते. त्यामुळे मिनिटाला 10,000 फेऱ्यांवर साखळीचा वेग सेकंदाला सुमारे 22 मीटर होतो. त्याच यंत्रावर आठ दात्यांचे स्प्रॉकेट बसवले, तर तितक्याच फेऱ्यांना वेग सेकंदाला 25 मीटरच्या पुढे जातो, पण साखळीवरील ओढ त्याच प्रमाणात घटते. सायकलस्वाराने सपाट रस्त्यावरचा गिअर चढावर वापरावा तसे हे होते: मऊ लाकडात आखूड बारवर लाभ मिळतो, तर बाभळीच्या जाड ओंडक्यात लांब बारवर इंजिन दबून फेऱ्या घसरतात आणि क्लच तापतो.

साखळीचे दुसरे माप गेज, म्हणजे बारच्या खाचेत शिरणाऱ्या चालक कडीची जाडी. ती प्रामुख्याने 1.1, 1.3, 1.5 आणि 1.6 मिलिमीटर अशा चार मापांत मिळते. तिसरे माप म्हणजे चालक कड्यांची संख्या. ही तिन्ही मापे एकाच वेळी जुळावी लागतात. पिच स्प्रॉकेटशी आणि बारच्या टोकावरील छोट्या चक्राशी, गेज बारच्या खाचेशी आणि संख्या यंत्र व बार यांच्या एकत्रित लांबीशी जुळते. 1.6 मिलिमीटरची साखळी 1.5 मिलिमीटरच्या खाचेत शिरतच नाही, आणि त्यामुळे चूक लगेच लक्षात येते; उलट 1.3 मिलिमीटरची साखळी 1.6 मिलिमीटरच्या खाचेत सहज बसते, पण डुलत चालते आणि काप तिरका जातो. संख्येबाबत लांबीचा आकडा फसवा ठरतो. 3/8 इंच पिचमध्ये 18 इंची बारसाठी स्टिलच्या मोठ्या यंत्रांना सामान्यतः 66 कड्यांची, तर हस्कवार्नाच्या मोठ्या यंत्रांना 68 कड्यांची साखळी लागते. दुकानात ‘अठरा इंची चेन’ एवढेच मागणे म्हणूनच अपुरे आहे. लहान यंत्रांवरील कमी उंचीच्या दात्यांची 3/8 इंची साखळी आणि मोठ्या यंत्रांवरील पूर्ण उंचीची 3/8 इंची साखळी यांचा पिच नावाला सारखा असला तरी त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

बारच्या जुळणीत साखळीखेरीज बारच्या मागील टोकाची घडणही येते. त्या टोकावरील लांबट खाचेतून यंत्राचे बोल्ट जातात, एका छिद्रात साखळी ताणणारी खुंटी अडकते आणि दुसऱ्या छिद्रातून तेल बारच्या खाचेत उतरते. स्टिलच्या मोठ्या बारची खाच सुमारे 12 मिलिमीटर रुंद, तर हस्कवार्नाच्या मोठ्या बारची सुमारे 9 मिलिमीटर असते. त्यामुळे योग्य जाडीची बुशिंग घालून स्टिलचा बार हस्कवार्नावर चढवणे शक्य होते, पण उलट दिशेने ते साधत नाही. चढवल्यानंतरही तेलाचे छिद्र जुळले नाही, तर साखळी कोरडी धावते आणि बार जळतो. एकाच कंपनीतही बारची घराणी वेगळी असतात. स्टिलच्या एमएस 170, 180 आणि 250 यांच्या बारची बैठक एक आहे. परंतु पहिल्या दोघींवर सहसा 3/8 इंची कमी उंचीची साखळी, तर 250 वर 0.325 इंची साखळी असते, म्हणून 250 चा बार 180 वर बसतो, पण चालत नाही. एमएस 260 आणि एमएस 660 यांची मोठी बैठक समान असल्याने 660 चा लांब बार 260 वर बोल्टने आवळता येतो, तरी 50.2 सीसी आणि 2.6 किलोवॅटच्या इंजिनाने 91.6 सीसी आणि 5.2 किलोवॅटच्या इंजिनाचे काम करण्याची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. 121.6 सीसीच्या एमएस 880 ची बैठक तर पूर्णपणे निराळी आहे.

सुट्या भागांत मॉडेलचे नाव एकच असूनही भाग बदललेले असू शकतात. एमएस 440 ची पूर्वज असलेल्या 044 च्या आरंभीच्या यंत्रांत पिस्टनची पिन 10 मिलिमीटर व्यासाची होती आणि नंतर ती 12 मिलिमीटरची झाली. म्हणून केवळ ‘044 चा पिस्टन’ असे सांगून घेतलेला भाग कनेक्टिंग रॉडवर बसेलच याची खात्री नसते. एक्स-टॉर्क यंत्रांत पिस्टनला हवेसाठी खाचा आणि कार्बोरेटरला दोन मार्ग असतात, त्यामुळे नाव 372 असले तरी हे भाग जुन्या 372 मध्ये निरुपयोगी ठरतात. यंत्रावरील क्रमांक आणि कंपनीचा भाग-क्रमांक मिळवूनच खरेदी करावी, असा दंडक यातून निघतो. जुने मॉडेल स्वस्तात मिळत असेल, तर त्याचे सिलिंडर, क्लच आणि तेलपंप जवळच्या बाजारात मिळतात का, हा प्रश्न अर्ध्या किलोवॅटच्या फरकापेक्षा वजनदार असतो.

तुलनेचा क्रम म्हणूनच उलटा धरणे श्रेयस्कर होय. प्रथम नेहमी कापाव्या लागणाऱ्या लाकडाचा व्यास आणि कठीणपणा ठरवावा, त्यावरून बारची लांबी, बारवरून साखळीची तीन मापे आणि ती साखळी त्या लाकडात न दबता ओढणारी शक्ती ठरवावी. सीसी आणि मॉडेलचे नाव यांचा विचार सर्वांत शेवटी यावा. ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येत असेल, तर बारच्या लांबीच्या जवळजवळ दुप्पट व्यासही पेलतो, त्यामुळे गरजेपेक्षा लांब बार घेण्याचे कारण उरत नाही. शिवाय लांब बारचे टोक नजरेआड जाते, आणि त्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र चालवणाऱ्याच्या दिशेने उसळते. ही उसळी कशी निर्माण होते, साखळी थांबवणारा ब्रेक ती कशी ओळखतो आणि दाते कानशीने घासताना झालेली चूक तिला कशी निमंत्रण देते, याचे विवेचन पुढील लेखांकात येईल.