उल्हासच्या काठाने, पाणी मोजत

पहाटे पाच
माजिवडा नाक्यावर या वेळी ट्रेलर आणि दुधाचे टेम्पो सोडले तर फारसं कुणी नसतं. उड्डाणपुलाखाली आमची गाडी उभी असते. "बर्फ भरला का ताई?" हा ड्रायव्हरमामांचा पहिला प्रश्न. बर्फाची पेटी, नमुन्याच्या बाटल्या, दोरी बांधलेली बादली, प्राणवायू मोजायचं मीटर आणि प्लास्टिकच्या पाइपची एक मीटर लांब-रुंद चौकट, एवढं गाडीत चढलं की आम्ही साकेत पुलावरून नाशिक महामार्गाला लागतो. मी पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. मार्चमध्ये उल्हास नदीचे नमुने घ्यायचे असतात आणि त्याच दिवसांत जलपर्णी अंगाने भरलेली असते.

इतक्या लवकर निघण्याला कारण आहे. रात्रभर ऊन नसतं, त्यामुळे पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू तयार करत नाहीत, उलट सगळे जीव मिळून असलेला संपवतात. म्हणून पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. दुपारी बारा वाजता मोजलं तर आजारी नदीसुद्धा ठणठणीत दिसते.

साडेसहा
बदलापूरचा बंधारा. उल्हास राजमाचीच्या डोंगराकडून उतरते, कर्जत, नेरळ करत इथे येते. कोकणातल्या बहुतेक नद्या शिमगा सरला की आटायला लागतात. ही मात्र उन्हाळाभर वाहते, कारण आंध्र धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून वीज करून झालं की हिच्यात सोडलं जातं. पुढे बारवीचं पाणी मिळतं. बाराही महिने पाणी आहे म्हणूनच हिच्या काठाने एवढी शहरं उभी राहिली. पाणी उचलायचं म्हणजे ते अडवावं लागतं, म्हणून ठिकठिकाणी बंधारे आले. बंधाऱ्यामागे पाणी संथ होतं, त्यात सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद मिसळतं, आणि जलपर्णीला याहून जास्त काही लागत नाही.

बंधाऱ्याच्या कडेला, लव्हाळ्याच्या आडोशाला जलपर्णीची हिरवी बेटं आहेत. अजून लहान आहेत. इथे उभं राहून पाहणाऱ्याला ती संकट वाटणारच नाहीत. जांभळी फुलं आली की लोक थांबून फोटोही काढतात. माझं लक्ष मात्र याच बेटांवर असतं, कारण खाली मोहन्याच्या बंधाऱ्याला जे दिसतं त्याचं बियाणं इथलं आहे.

सव्वाआठ
रायते पूल. मुरबाडच्या रस्त्याची वर्दळ सुरू झालेली. कठड्यावरून बादली सोडायची, नमुना घ्यायचा, मीटर बुडवायचं, वहीत आकडा मांडायचा, निघायचं.

नऊ
कांबा आणि वरपच्या दरम्यान काठावर उतरता येतं. इथे वेळ काढावा लागतो. यंदा सोबत एमएस्सीचा एक विद्यार्थी आहे. तो गुडघाभर पाण्यात उतरून चौकट टाकतो, आत आलेली सगळी रोपं उपसतो आणि पाणी निथळल्यावर आम्ही ती वजनकाट्याला टांगतो. दाट वाढलेल्या जलपर्णीचं ओलं वजन हेक्टरी 200 टनांच्या वर जातं. त्यातला जवळजवळ 95 टक्के भाग पाणी असतो. म्हणजे जलपर्णी काढायचा ठेका देतो तेव्हा आपण मुख्यतः नदीचंच पाणी पोकलेनने उचलून डंपरने वाहून नेण्याचे पैसे मोजत असतो.

एक रोप हातात घ्या. पानाचा देठ मध्येच फुगलेला, दाबला तर स्पंजासारखा. आत हवेचे कप्पे आहेत, त्यांच्यावर ते तरंगतं. खाली काळसर जांभळी मुळं, केसांच्या जुडग्यासारखी, आणि त्यांत गाळ, गोगलगायी, प्लास्टिकचे धागे अडकलेले. बुडाशी एक आडवा धुमारा निघालेला असतो आणि त्याच्या टोकाला दुसरं रोप. त्याला तिसरं. मूळ मुलूख ॲमेझॉनचं खोरं. आपल्या उबदार, सांडपाण्याने पोसलेल्या पाण्यात पंधरवड्यात दुप्पट होणं त्याला जड नाही. ऑक्टोबरअखेर मागे राहिलेलं एक रोप असं दर पंधरा दिवसांनी दुप्पट होत गेलं, तर मार्चअखेर त्याची हजार होतात. शिवाय बी गाळात पडून राहतं आणि पंधरा-वीस वर्षांनीही उगवू शकतं.

आज पानावर मला जे पाहायचं होतं तेही दिसलं. हिरव्या पानावर दोन-तीन मिलिमीटरचे फिकट डाग, वरची साल खरवडून काढल्यासारखे. हे निओचेटिना जातीच्या भुंगेऱ्याचं खाणं. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने 1980 च्या दशकात हे भुंगेरे परदेशातून आणले, तपासले आणि तिथल्या तलावांत सोडले. प्रौढ भुंगेरा पान खरवडतो, अळी देठ पोखरते. दुसऱ्या कुठल्या पिकाला ते त्रास देत नाहीत.

काठावर एक काका जाळं सोडवत बसले होते. "जाला टाकाला जागाच नाय ऱ्हायली, ताय," ते म्हणाले. जलपर्णीखाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे मोकळ्या पाण्याकडे सरकतात. मीटरनेही तेच दाखवलं. मोकळ्या धारेत एक आकडा आणि दहा पावलांवर हिरव्या गालिच्याखाली त्याहून कितीतरी कमी. नेहमीच्या शुद्धीकरणानंतर पिण्यासाठी वापरायच्या पाण्यात लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

साडेअकरा
मोहने. बंधाऱ्यामागे काठापासून काठापर्यंत हिरवं. ऊन चढलंय, वास येतोय. काही मजूर तराफ्यावर उभे राहून बांबूने जलपर्णी काठाकडे ढकलतायत आणि पोकलेन ती उचलून काठावर टाकतंय.

या एका ठिकाणी उभं राहिलं की नदीचे किती मालक आहेत ते कळतं. नदी पाटबंधारे खात्याची. वरच्या अंगाला बदलापूर आणि अंबरनाथच्या नगरपालिका आणि ग्रामपंचायती. जांभूळला एमआयडीसी पाणी उचलते. खेमानी नाला उल्हासनगरचा, मोहिलीचं उदंचन केंद्र कल्याण-डोंबिवली महापालिकेचं, शहाडचं स्टेम प्राधिकरणाचं. शहाडला उचललेलं पाणी टेमघरला शुद्ध होऊन ठाणे, भिवंडी आणि मिरा-भाईंदरला जातं. ठाणे शहराला चार ठिकाणांहून पाणी मिळतं, त्यातलं एक हे. मोहन्याची जलपर्णी माजिवड्यातल्या माणसालाही परकी नाही, ती अशी.

आता पाहा काय होतं. सांडपाणी सोडतो एक, जलपर्णी वाढते दुसऱ्याच्या हद्दीत, अडकते तिसऱ्याच्या बंधाऱ्याला आणि काढायचा खर्च पडतो चौथ्यावर. चौथा ती काढतो आपल्या हद्दीपुरती, आपली निविदा मंजूर होईल तेव्हा. तोवर वरची बेटं सुटून खाली येतात आणि साफ केलेला पट्टा पुन्हा भरतो. एका ठिकाणी तर काढलेले ढीग पूररेषेच्या आतच टाकलेले मी पाहिलेत. पहिल्या पुरात ते नदीत परत जातात.

फवारणीचे प्रयोगही या नदीवर झाले. माझा त्याला विरोध आहे आणि तो मी प्रत्येक अहवालात लिहिते. मेलेली जलपर्णी तळाशी बसते, कुजते, उरलासुरला प्राणवायू खाते आणि तिच्यातलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात मोकळं होतं. पुढच्या पिकाला खत तयार. आणि हे सगळं लाखो माणसांच्या पिण्याच्या पाण्यात.

दीड
रस्त्याकडेला वडाच्या सावलीत डबे उघडले. "मॅडम, हे कुठे आटोक्यात आलंय का?" विद्यार्थ्याने विचारलं.

आलंय. पूर्व आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर सुमारे 69 हजार चौरस किलोमीटरचं आणि ते टांझानिया, युगांडा, केनिया या तीन देशांत वाटलेलं. 1980 च्या दशकाअखेर तिथे जलपर्णी पसरली. रवांडा आणि बुरुंडीकडून येणारी कागेरा नदी वरून सतत नवी रोपं आणत होती. म्हणजे सरोवर तिघांचं आणि उगम पाचांचा. केनियाच्या वाट्याला सरोवराचा अवघा 6 टक्के भाग, पण किसुमूजवळच्या आखातात होड्या अडकून पडल्या. युगांडात जिंजाच्या वीजकेंद्राकडे हिरवे तराफे येऊन थडकू लागले.

1994 मध्ये तिन्ही देशांनी सरोवराच्या पर्यावरणासाठी एकत्र करार केला. भुंगेरे युगांडाने 1995 मध्ये सोडले, केनिया आणि टांझानियाने 1997 मध्ये. काठावरच्या मच्छीमारांना ते वाढवायला शिकवलं. जिथे बंदर किंवा वीजकेंद्र होतं तिथे यंत्रं लावली. 1998 च्या सुमारास 17 ते 20 हजार हेक्टर पसरलेली जलपर्णी पुढच्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने ओसरली. एल निनोच्या वादळी, ढगाळ दिवसांचाही त्यात हात होता असं काही अभ्यासक मानतात, आणि ते मला पटतं. पण काही वर्षांनी केनियाच्या बाजूला ती पुन्हा उसळली, कारण शहरांतून आणि शेतांतून येणारं खतपाणी थांबलं नव्हतं.

"मग आपणही भुंगेरे सोडायचे?" त्याने विचारलं. हा तलाव असता तर हो म्हटलं असतं. भुंगेऱ्यांना संख्या वाढवायला दोन-तीन वर्षं शांतपणे मिळावी लागतात. उल्हासला जुलैत पूर येतो तेव्हा रोपांबरोबर भुंगेरेही खाडीला लागतात, आणि जे वाचतात ते पोकलेनच्या बादलीत जातात. या नदीची खरी संधी वेगळीच आहे. पूर दरवर्षी तिला फुकटात धुऊन देतो. ऑक्टोबरात मागे उरतात ती बंधाऱ्यांच्या कडेची, डबक्यांतली थोडी रोपं. ती तेव्हाच, वरून खाली, हाताने उपसली तर चार-सहा माणसं आणि एक होडी पुरते. आपण मार्चची वाट पाहतो.

त्या तीन देशांची चलनं वेगळी, सरकारं वेगळी. इथल्या पालिकांमधला माणूस सकाळी मध्य रेल्वेची लोकल पकडून संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या कचेऱ्या फिरून येईल. तरी एक तारीख ठरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साडेतीन
नमुने प्रयोगशाळेत. अमोनिया आणि स्फुरदाच्या बाटल्या आधी. विद्यार्थी बाटल्यांवरची चिठ्ठी वाचतो, मी वहीशी ताडते.

पाच
कशेळीचा पूल. कल्याणच्या खाली नदीची खाडी झालेली असते. खारं पाणी जलपर्णीला मानवत नाही, म्हणून उन्हाळ्यात इथे तिचा मागमूस नसतो. पावसाळ्याच्या तोंडाशी मात्र वरून सुटलेले तराफे येतात. बाळकुमच्या एका कोळीणबाई सांगत होत्या, जाळ्यात मासळीआधी तेच भरतं आणि जाळं फाटतं.

ठाण्यातल्या तलावात जलपर्णी वाढली तर महापालिकेचं एक खातं एक माणूस पाठवतं आणि काम सुरू होतं. तलाव एकाच्या हद्दीत असतो. खाडीतल्या या बाईंनी मात्र तक्रार कुणाकडे करायची?

रात्री नऊ
घरी परत. अहवालाचा मसुदा. 2015 मध्ये वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने उल्हासच्या प्रदूषणाबद्दल कारखाने आणि पालिका, दोघांनाही जबाबदार धरलं होतं. तो संदर्भ मी दरवेळी देते. बंगालने तर 1936 मध्येच जलपर्णीसाठी स्वतंत्र कायदा करून आपापल्या जागेतली काढणं प्रत्येकावर बंधनकारक केलं होतं. तोही यंदा टाकला आहे.

आतापर्यंत प्रत्येक कचेरीला तिच्या हद्दीतल्या नमुन्यांचा तक्ता वेगळा जायचा. या वेळी बदलापूर ते शहाड एकच तक्ता केलाय, वरून खाली, मध्ये हद्दीची रेघ न मारता. सांडपाणी कुठे मिसळतं आणि प्राणवायू कुठून घसरतो ते ओळीने वाचता येतं. शेवटी विनंती लिहिली: सर्व कार्यालयांनी मिळून ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात संयुक्त पाहणी करावी, काढलेली जलपर्णी पूररेषेबाहेर न्यावी, आणि काम बदलापूरच्या बंधाऱ्यापासून सुरू करून मोहने शेवटी घ्यावं. प्रत पाठवायच्या नावांमध्ये कांबा, वरप आणि रायते ग्रामपंचायतीही घातल्या आहेत. उद्या सकाळी दहाला पहिला फोन पाटबंधारे खात्याला.