तव्यावरची बंद कोंबडी

शहागंजच्या घड्याळाजवळून सायंकाळी कोंबडी घेऊन घरी परतणाऱ्या नोकरदार भगिनींना नान-खलियाएवढा वेळ कुठला? ओव्हनही घरोघरी नसतो. मग तव्यालाच ओव्हन करावे.

अर्धा किलो कोंबडीला अर्धी वाटी दही, आले-लसूण, तिखट, हळद, मीठ चोळावे. जाड बुडाच्या पातेल्यात २ चमचे तेल, त्यावर बटाट्याच्या पातळ चकत्या व कांदा पसरावा. बुडाशी बटाटा असला की कोंबडी करपत नाही. (कांदा घरातल्या पुरुषांनी चिरायला काय हरकत आहे?) वर कोंबडी. झाकणाची कड कणकेने बंद करावी. ५ मिनिटे मध्यम आच, मग पातेल्याखाली तवा सारून ४० मिनिटे मंद आच. वरून पाणी घालू नये, सुटलेले पुरते. हाडाजवळ लाली दिसली तर आणखी १० मिनिटे ठेवावे.