आरसी बोटीचं वॉटर कूलिंग: खारं पाणी असेल तर एवढं कराच!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले शेगाव, संग्रामपूर हे तालुके पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतात. इथे बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. असंच पाणी भरलेल्या शेततळ्यात मी इलेक्ट्रिक बोट पळवायचो. एक दिवस स्पीड कंट्रोलर जळाला. नळी काढून पाहिली, तर आत पांढरा थर!

या बोटीत कूलिंगला सहसा वेगळा पंप नसतो. बोट धावली की मागच्या तोंडातून पाणी आत घुसतं, सिलिकॉनच्या नळीतून फिरत स्पीड कंट्रोलर आणि मोटर थंड करतं आणि बाजूच्या छिद्रातून बाहेर पडतं.

म्हणून काय करायचं?

• बाहेर पडणाऱ्या धारेवर लक्ष ठेवा. बोट वेगात असूनही धार थांबली, तर स्पीड कमी करून लगेच काठाला आणा.
• घरी आल्यावर बॅटरी काढा, सिरिंजने आरओचं पाणी नळीतून सोडा आणि फुंकून नळी कोरडी करा.
• थर दिसला तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून १० मिनिटं आत ठेवा, मग नीट धुवा.
• दुमडलेली, चिरलेली नळी बदला.

आणि बोट मध्येच बंद पडली, तर शेततळ्यात उतरू नका. प्लास्टिकवरून पाय घसरतो, वर येता येत नाही. बोट नवीन घेता येते!