छापील वेग आणि खरा वेग

विहिरीवर बसवायचे तेल-इंजिन विकत घेताना त्यावर किती अश्वशक्ती लिहिली आहे ते आपण वाचतोच. पण जाणता शेतकरी तेवढ्यावर थांबत नाही. तो इंजिन सुरू करायला लावतो, आवाज ऐकतो, धूर पाहतो. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याच्यावरही असाच वेगाचा आकडा छापलेला असतो. जुने प्रोसेसर हौसेने जमवणारी, ते पुन्हा चालवणारी आणि छापील आकड्यापेक्षा जास्त वेगाने पळवणारी मंडळी जगभर आहेत. या शेवटच्या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हे कसे साधते आणि त्यातून आपण काय शिकावे, ते आज पाहू.

प्रथम वेग म्हणजे काय? लेझीम आठवा. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला मुले एक पाऊल टाकतात. प्रोसेसरमध्येही विजेचा ठोका पडतो आणि प्रत्येक ठोक्याला काम एक पाऊल पुढे सरकते. १९७१ साली इंटेल कंपनीने ४००४ नावाचा प्रोसेसर विक्रीस आणला. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि सेकंदाला सुमारे ७ लाख ४० हजार ठोके पडत. सेकंदाला दहा लाख ठोके म्हणजे एक मेगाहर्ट्झ. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या घरगुती संगणकाचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता.

आता हलगी जलद वाजवली तर? पावलेही जलद पडतील. पण एका मर्यादेपलीकडे, एखाद्या मुलाचे पाऊल टेकायच्या आतच पुढचा ठोका येईल आणि रांग बिघडेल. प्रोसेसरचेही तसेच आहे. ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून संदेश पलीकडे पोचायला थोडा वेळ लागतो. तो पोचण्यापूर्वी दुसरा ठोका पडला की उत्तर चुकते.

मग कारखानदार आकडा ठरवतो कसा? एकाच घाण्यातून निघालेले सगळे प्रोसेसर सारखे नसतात. प्रत्येकाची चाचणी होते आणि पुढे कोणतीही अडचण येऊ नये म्हणून थोडा हात राखून आकडा छापतात. शिवाय बाजारात स्वस्त मालाला गिऱ्हाईक जास्त असले, तर चांगल्या दाण्यावरही कमी आकडा छापला जातो. हौशी लोकांचे सारे भांडवल या राखलेल्या हातात आहे.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंटेलचा सेलेरॉन ३००ए. हा ऑगस्ट १९९८ मध्ये बाजारात आला, किंमत १४९ डॉलर. त्याच वेळी आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम-२ ची किंमत ६६९ डॉलर होती. सेलेरॉनला मदरबोर्डकडून ६६ पूर्णांक दोन तृतीयांश मेगाहर्ट्झचा ठोका मिळे आणि आत त्याची साडेचार पट होई. सायकलचा पायडल एकदा फिरवला की मागचे चाक जास्त फेरे घेते, तसेच हे. शिक्षक मित्रांनी गुणाकार करून पाहावा, बरोबर ३०० येतील. साडेचार हा गुणक कंपनीने कुलूपबंद केला होता. पण मूळचा ठोका मदरबोर्डच्या हाती होता. तो १०० केला की साडेचार पटीने झाले ४५०! पुष्कळ सेलेरॉन हा वेग सहज पेलत. ज्या बोर्डावर ही सोय नसे, तिथे लोक प्रोसेसरच्या बी-२१ या पट्टीवर चिकटपट्टी लावून तोच परिणाम साधत. पुढे २००० सालच्या सुमारास एएमडी कंपनीच्या अॅथलॉनवरील गुणकाचे कुलूप काही जण चक्क शिसपेन्सिलीची रेघ ओढून उघडत. पेन्सिलीतले ग्रॅफाइट वीज वाहून नेते, म्हणून तुटक ठेवलेल्या जोडण्या जुळत.

पण फुकट काही मिळत नाही, बरं का. वेगासाठी कित्येकदा विजेचा दाब वाढवावा लागतो. उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि दाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दीडपट केला आणि दाब २ व्होल्टवरून २.२ केला, तर दीड गुणिले १.२१, म्हणजे उष्णता सुमारे १.८ पट. पंखा आणि धातूची पन्हाळी तेवढी उष्णता काढून टाकू शकली नाही, तर प्रोसेसर गेलाच म्हणून समजा.

आता खरेदीविषयी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या भंगार दुकानात, जुना प्रोसेसर उजेडात धरून पाहावा. पिना वाकलेल्या वा तुटलेल्या नसाव्यात. अक्षरे खरवडून पुन्हा छापल्यासारखी दिसली तर सावध व्हावे. १९९० च्या दशकात कमी वेगाचे प्रोसेसर पुसून, वरचा आकडा छापून विकण्याची लबाडी चालत असे. त्याच्या जोडीचा मदरबोर्डही मिळवावा, नाही तर बैल आहे पण गाडी नाही अशी गत होते.

चालवण्यापूर्वी बोर्ड नीट तपासावा. ३८६ आणि ४८६ च्या काळातील बोर्डांवरची छोटी बॅटरी पाझरते आणि तांब्याच्या वाटा खाऊन टाकते; ती आधी काढावी. फुगलेले कपॅसिटर जाणकाराकडून बदलून घ्यावेत. वाळलेला उष्णतावाहक लेप पुसून नवा लावावा. विजेच्या पुरवठ्याची पेटी मात्र स्वतः उघडू नये. बंद केल्यावरही तिच्यात धोकादायक दाब राहतो. मग प्रोसेसर आधी छापील वेगावर चालवावा. तो स्थिर चालला तर ठोका एकेक पायरी वाढवावा. दाबाला हात लावायचा तो सर्वांत शेवटी.

आणि प्रत्येक पायरीला परीक्षा घ्यावी. उत्तर ठाऊक असलेले लांबलचक गणित तासन्‌तास करायला लावावे. संगणक बंद पडला तर निदान समजते तरी. खरे भय वेगळेच आहे: संगणक चालू राहतो आणि उत्तर मात्र चुकीचे देतो. म्हणून हा खेळ हौसेच्या यंत्रावरच खेळावा. दूध सोसायटीचा हिशेब किंवा शाळेचा निकाल ज्या संगणकावर होतो, त्यावर कधीही नाही.

एक गोष्ट शिक्षकांसाठी. १९९५ च्या पेंटियम प्रोसारखे चिनीमातीचे प्रोसेसर त्यांतल्या सोन्यासाठी भंगारात गाळले जातात. ते पुन्हा कोणी बनवणार नाही. शाळेच्या कपाटात जुना संगणक पडून असेल, तर वजनावर विकण्यापूर्वी एकदा तो उघडून मुलांना दाखवा. त्यावरचा आकडा वाचा, साल शोधा, गुणाकार करून घ्या. छापील आकडा ही कारखानदाराने दिलेली हमी आहे. त्यापुढचे सामर्थ्य खरे की नुसता भास, हे परीक्षा घेतल्यावाचून कळत नाही, एवढे मुलांना उमगले तरी त्या जुन्या यंत्राचे चीज झाले.